घडीचा चाकू : खिशातला आणि कपाटातला

घडीच्या चाकूंचा नाद नव्याने लागलेला माणूस पहिल्या वर्षी जे विकत घेतो, त्यातलं बरंचसं पुढे विकून टाकतो किंवा ड्रॉवरमध्ये पडू देतो. चाकू वाईट निघतात असं नाही. तो दोन वेगळे छंद एकच समजून चालतो, तिथे गडबड होते. चाकू बाळगणं हा एक छंद. त्यात पेरू कापायचा, पार्सलची सुतळी तोडायची, पेन्सिलीला टोक करायचं आणि हे करता करता पात्यावर डाग आणि मुठीवर ओरखडे साठू द्यायचे. चाकू जमवणं हा दुसरा. तिथे पहिल्या ओरखड्याला किंमत उतरते, मूळ खोका टाकून दिला तरी उतरते आणि धार लावली तर हमखास उतरते. दोन्हीकडे चांगल्या चाकूची व्याख्याच वेगळी आहे. माझं मत असं, की आधी एक साधा चाकू निदान वर्षभर खिशात वागवावा आणि मगच जमवण्याच्या भानगडीत पडावं. आपल्या हाताला काय मानवतं हे खिशाला कळतं, कॅटलॉगला कळत नाही.

पारंपरिक कशाला म्हणायचं, याची हद्द आधी आखून घेऊ. या घराण्याचा मुख्य प्रकार म्हणजे जाणकार ज्याला स्लिपजॉइंट म्हणतात तो. मुठीच्या पाठीत पोलादाची एक कमान बसवलेली असते. पातं नखाने उघडू लागलं की पात्याचं बूड त्या कमानीला किंचित उचलतं आणि पातं पूर्ण उघडलं की कमान बुडाच्या सपाट बाजूवर टपकन बसते. तो ‘टप’ हा आवाज ऐकण्यासाठी चाकू घेणारी माणसं आहेत आणि त्यांना मी नावं ठेवणार नाही. काही चाकूंत बूड चौकोनी घडवलेलं असतं, त्यामुळे पातं अर्ध्यावर, काटकोनात एकदा थांबतं. मिटताना बोटं वाचवायला ही थांबण्याची जागा चांगली. कुलूप मात्र कुठेच नसतं. पाठीकडून पुरेसा जोर पडला की पातं मिटतं, आणि मिटतं ते बोटांवर. अमेरिकेतल्या बक कंपनीने १९६०च्या दशकात ‘११०’ हा कुलूपवाला चाकू आणला आणि या उणिवेवर उपाय लोकप्रिय केला. त्यानंतर एका हाताने उघडणारे, क्लिपने खिशाला अडकणारे आधुनिक चाकू आले आणि बाजाराचा मोठा भाग त्यांनी घेतला. स्लिपजॉइंट तरीही टिकला, कारण तो कापण्यापुरताच आहे. भोसकायला, उचकटायला, डबा उघडायला तो निरुपयोगी, आणि ज्याला हे ठाऊक आहे त्याच्या हातात तो वर्षानुवर्षं राहतो.

दुसरा, याहून जुना प्रकार म्हणजे कमानच नसलेला, निव्वळ सांध्याच्या घर्षणावर उघडा राहणारा चाकू. ऑस्ट्रियातल्या हॉलस्टॅटला अडीच हजार वर्षांपूर्वीचा घडीचा चाकू सापडला आहे आणि रोमन काळातले तर बरेच. कमान मात्र चांगलं पोलाद सहजी मिळू लागल्यावरच घरोघर पोचली. १७४०च्या दशकात बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने शेफील्डला मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली. त्याला घड्याळांच्या कमानींसाठी एकजिनसी पोलाद हवं होतं. त्याचा फायदा पुढे चाकूवाल्यांनाही झाला.

शेफील्डचं नाव चाकूंच्या संदर्भात चौदाव्या शतकात चॉसरच्या कथांमध्ये येतं आणि तिथल्या चाकू कारागिरांची संस्था १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाली. तिथली खरी गंमत मोठ्या कारखान्यांपेक्षा ‘लिटल मेस्टर’ म्हणवणाऱ्या सुट्या कारागिरांत होती. एका खोलीत भाड्याने बाकडं घ्यायचं, एकाने पाती घडवायची, दुसऱ्याने धारेला लावायची, तिसऱ्याने मुठी बसवायच्या. या परंपरेतले स्टॅन शॉ १९४१च्या सुमारास उमेदवारीला लागले आणि २०२१ साली गेले. त्यांच्यासारखा एकहाती चाकू बनवणारा आता विरळा. तरी शेफील्डमध्ये आजही थोडी दुकानं पारंपरिक चाकू बनवतात आणि ते फार महागही नसतात. मुठीच्या टोकाला लांबलचक धातूचं आवरण असलेला बार्लो हा नमुना मूळचा इथलाच. सांध्याभोवती जास्त धातू, म्हणून रांगडं काम सोसणारा आणि स्वस्त. मार्क ट्वेनच्या टॉम सॉयरला बक्षीस मिळतो तो बार्लोच, आणि अमेरिकेत पोरांचा चाकू म्हटलं की दीडशे वर्षं हेच रूप डोळ्यांपुढे येत आलं आहे.

फ्रान्सची कथा जास्त रंगतदार आहे. ओव्हेर्न्य प्रांतात ड्युरोल नदीच्या काठी तिएर नावाचं गाव आहे. नदीच्या पाण्यावर फिरणाऱ्या दगडी चाकांवर तिथले कारागीर धार लावत, तेही फळीवर पालथं झोपून, चाकाच्या वर तोंड करून. थंडीत पाय गारठू नयेत म्हणून पायांवर कुत्रं बसवलेलं असे. फ्रान्समधले बहुसंख्य चाकू आजही याच भागातून येतात, अगदी ज्यांच्यावर दुसऱ्या गावाचं नाव असतं तेसुद्धा. ते दुसरं गाव म्हणजे लागिओल. १८२९ साली तिथे पिएर-जाँ काल्मेल्सने जो चाकू घडवायला सुरुवात केली, त्याचं पुढे सडपातळ, कमनीय, कमानीवर माशीचं चित्र असलेलं रूप झालं. गुराख्यांच्या चाकूला १८८० च्या सुमारास बूच काढायचा स्क्रू जोडला गेला, कारण गावची माणसं पॅरिसला जाऊन खाणावळी चालवू लागली होती. ही माशी म्हणजे नेपोलियनने दिलेली मधमाशी, असं दुकानदार आजही सांगतात. नेपोलियन १८२१ साली वारला, चाकू त्यानंतरचा. पण दंतकथा विकली जाते.

नव्या गिऱ्हाइकाने इथे सावध असावं, कारण लागिओल हे नाव दीर्घकाळ कुणा एकाच्या मालकीचं नव्हतं. गावाचं नाव म्हणून कुणीही ते पात्यावर ठोकू शकत होतं आणि चीन-पाकिस्तानात बनलेले अतिस्वस्त ‘लागिओल’ जगभर पसरले. १९८७ साली गावात पुन्हा कारखाना उभा राहिला. फिलिप स्टार्क या डिझायनरने त्याची इमारत आखली आणि छपरातून एक प्रचंड पातं आकाशात काढलं. तिथला चाकू अर्थात महाग. मधल्या किमतीत तिएरमधल्या कारागिरांचे उत्तम लागिओल मिळतात, पण त्यासाठी पात्यावरच्या मोठ्या अक्षरांकडे दुर्लक्ष करून बुडाशी कोरलेलं बनवणाऱ्याचं छोटं नाव वाचावं लागतं.

ओपिनेल या सगळ्याच्या विरुद्ध टोकाला आहे. साव्वा प्रांतातल्या एका डोंगरी वस्तीत जोसेफ ओपिनेलने १८९० साली, वयाच्या अठराव्या वर्षी, वडिलांच्या लोहारशाळेत हा चाकू बनवला. बीच लाकडाची गोल मूठ, एक पातं, एक कडं, एक खिळा. १८९७ला १ ते १२ अशी आकारांची मालिका ठरली आणि आजही माणसं ‘मला आठ नंबर दे’ असंच म्हणतात. १९५५ साली फिरवून पातं अडकवणारं दुसरं कडं आलं. एवढ्या कमी भागांत इतका चांगला चाकू दुसरा झालेला नाही, आणि किंमतही जोडभर बऱ्या चपलांएवढीच पडते.

पण ओपिनेल आपल्या हवेत वागवायचा तर एक गोष्ट ठाऊक हवी. बीचचं लाकूड पाणी पितं. कोकणात किंवा मुंबईत जुलै महिन्यात मूठ फुगते, सांधा आवळतो आणि पातं नखाने निघेनासं होतं. साव्वाच्या शेतकऱ्यांची यावर एक युक्ती आहे : कडं सैल करायचं आणि मुठीचा मागचा कोपरा टेबलावर टकटक आपटायचा, पातं आपोआप थोडं बाहेर येतं. पावसाळ्याआधी मूठ चांगली वाळवून सांध्याच्या फटीत जवसाचं तेल मुरवलं तर त्रास बराच कमी होतो. जवसाचं, खोबरेल नव्हे. खोबरेल लाकडात सुकत नाही.

जर्मनीत सोलिंगनचं नाव १९३८ पासून कायद्याने राखलेलं आहे. पात्याचं मुख्य काम त्या भागात झाल्याशिवाय ते नाव घालता येत नाही. जुन्या केशकर्तनालयांतल्या वस्तऱ्यांवर आपल्यापैकी अनेकांनी ते वाचलेलं असेल. तिथला घडवलेल्या पत्र्याच्या काळ्या मुठीचा, मांजराचं चित्र असलेला मर्काटर हा चाकू इतका चपटा आहे, की शर्टाच्या खिशात कळतही नाही. मात्र त्याला कुलूप असतं, तेव्हा काटेकोर मंडळी त्याला आपल्यात घेत नाहीत.

स्वित्झर्लंडच्या लाल चाकूला पारंपरिक म्हणायला लोक का कचरतात, हे मला समजलेलं नाही. कार्ल एल्सनरने इबाख गावी १८८४ला कारखाना काढला, १८९१ला सैन्याला चाकू पुरवले आणि १८९७च्या जूनमध्ये अधिकाऱ्यांसाठीचा, दोन कमानींवर सहा अवजारं बसवलेला चाकू नोंदवला. सांधा पाहिला तर हा अस्सल स्लिपजॉइंट. आईचं नाव व्हिक्टोरिया आणि गंज न धरणाऱ्या पोलादाचं नाव इनॉक्स, यांतून कंपनीचं नाव झालं. घडणीचा एकसारखेपणा पाहायचा तर याच किमतीत याच्या जवळपास कुणी नाही. भारतात तो सहज मिळतो, हेही थोडं नव्हे.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या उत्तर भागाकडे वळावं लागतं. ब्रॅडफर्डची केस कंपनी १९०५ पासून तिथे आहे. १८८९ला न्यूयॉर्क राज्यातल्या लिटल व्हॅलीत केस बंधूंनी सुरू केलेल्या धंद्याला ती आपला आरंभ मानते आणि १९९३ पासून लायटरवाल्या झिपोकडे तिची मालकी आहे. केसचे चाकू जमवणं नवख्याला सोपं जातं, कारण कंपनीने वर्षं आणि नमुने पात्यावरच लिहून ठेवलेत. ‘६२५४’ असा आकडा असेल तर ६ म्हणजे खाचा पाडलेल्या हाडाची मूठ, २ म्हणजे दोन पाती आणि ५४ म्हणजे ट्रॅपर हा नमुना. बुडावर नुसतं ‘केस डबल एक्स’ असेल तर चाकू १९६४ किंवा त्याआधीचा, त्याखाली यू. एस. ए. असेल तर १९६५ ते ६९. १९७० पासून नावाखाली दहा ठिपके आले आणि दर वर्षी त्यातला एक कमी होत गेला. म्हणजे सात ठिपक्यांचा चाकू १९७३चा. भिंग आणि थोडी आकडेमोड एवढ्यावर सत्तरच्या दशकातला चाकू ओळखता येतो.

त्याच राज्यात टायटसव्हिलला २००६ साली ग्रेट ईस्टर्न कटलरी सुरू झाली. १८५९ला अमेरिकेतली प्रसिद्ध तेलविहीर जिथे लागली तेच हे गाव. जुन्या पद्धतीचं १०९५ पोलाद, जाड कमानी, नखं मोडतील असा ताण आणि प्रत्येक नमुन्याची मोजकीच संख्या. चाकू खरोखर सुंदर असतात. पण बाजारात आले की काही मिनिटांत संपतात आणि आठवड्याभरात चढ्या भावाने परत विक्रीला लागतात. ‘आत्ता नाही घेतला तर कधीच नाही’ या धास्तीने घेतलेले चाकू मी बऱ्याच जणांकडे न उघडलेल्या नळकांड्यांत पाहिलेत. ही खरेदी गुंतवणुकीच्या अंगाने जाते आणि त्यात चाकूबद्दल काही शिकायला मिळत नाही. त्याउलट चीनमध्ये बनणारे रफ रायडरसारखे स्वस्त चाकू जाणकारांच्या हिशेबी कमी प्रतीचे असले, तरी स्टॉकमन, काँग्रेस, कॅनू हे नमुने हातात कसे बसतात हे थोडक्या पैशांत दाखवतात. नमुना आवडला की मग चांगल्या घरचा घ्यावा. नाव तेवढं पाहून मात्र घेऊ नये. न्यूयॉर्क राज्यातला इंपीरियल श्रेड हा मोठा कारखाना २००४ला बंद पडला, नाव विकलं गेलं आणि ‘ओल्ड टायमर’ हे तेच नाव घेऊन वेगळ्याच देशात बनलेले चाकू दुकानांत आले.

नमुन्यांची नावं पाठ करायची घाई करू नये, पण त्यामागची गरज कळली की ती आपोआप लक्षात राहतात. स्टॉकमन गुराख्यांचा : तीन पाती, त्यातलं बोथट टोकाचं जनावरांचं खच्चीकरण करताना चुकून टोचू नये म्हणून. ट्रॅपर कातडी सोलणाऱ्यांचा. पेननाइफ लेखणीसाठी, पिसाचं टोक छाटायला. आपल्याकडे दफ्तरखान्यांत मोडी लिहिणाऱ्या कारकुनांना बोरू तासायला अशाच लहान, पातळ पात्याची गरज असे. लेखण्या बदलल्या, पेननाइफ उरला, आणि आज शहरात बाळगायला मला तोच सगळ्यांत योग्य वाटतो. समोरच्याला तो पाहून भीती वाटत नाही.

भीतीचा मुद्दा हलका नाही. जपानमध्ये ह्योगो प्रांतातल्या मिकी गावी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिगोनोकामी हा चाकू जन्मला. दुमडलेल्या पितळी पत्र्याची मूठ, कमान नाही, पात्याच्या शेपटीवर अंगठा दाबून धरायचा. कित्येक पिढ्यांच्या जपानी मुलांनी याने पेन्सिली केल्या. ऑक्टोबर १९६० मध्ये समाजवादी पक्षाचे नेते इनेजिरो असानुमा यांची सतरा वर्षांच्या मुलाने भर सभेत हत्या केली. शस्त्र होतं आखूड तलवार. पण त्यानंतर मुलांच्या हातात पातंच नको अशी देशभर मोहीम झाली आणि त्यात हिगोनोकामीचा धंदा बसला. शेकडोंनी असलेल्या कारागिरांपैकी आज हे नाव कायदेशीरपणे लावणारं एकच घर उरलं आहे. चाकू मात्र अजून स्वस्त आणि पोलाद उत्तम.

आपल्याकडे हेच रामपूरच्या वाट्याला आलं, फक्त तिथे दोष निव्वळ लोकांच्या नजरेचा नव्हता. रामपुरी हा खटक्याचा, लांबलचक पात्याचा चाकू, आणि त्याचा वापर कशासाठी होतो हे हिंदी सिनेमाने घराघरांत दाखवलं. उत्तर प्रदेशात साडेचार इंचांहून मोठ्या पात्यांवर बंदी आली, कारागीर दुसऱ्या कामांकडे वळले आणि २०२३ साली गावाने एका चौकात वीस फुटी रामपुरी उभारून नाव राखलं. त्याचा परिणाम असा, की आपल्या समाजात घडीचा कुठलाही चाकू खिशातून निघाला की समोरच्याच्या मनात आधी रामपुरी उघडतो. शेफील्डचा अडीच इंची पेननाइफ त्याच नजरेने पाहिला जातो. नवख्याने हे गृहीत धरूनच चालावं. कार्यालयात लाडूच्या खोक्याची दोरी कापताना कुणी दचकलं तर त्यात त्यांची चूक नाही.

कायद्याची बाजूही यात गुंतलेली आहे. २०१६च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले त्यातून वगळलेत. खिशातला चाकू या मापांच्या पुष्कळ खाली असतो. पण तेवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. दिल्लीत १९८०च्या अधिसूचनेने खटक्याच्या, गरारीच्या किंवा यांत्रिक युक्तीने उघडमीट होणाऱ्या चाकूंसाठी ७.६२ सेंटिमीटर लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदीची मर्यादा घातली. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१च्या कलम ३७खाली सण, निवडणुका, मोर्चे अशा प्रसंगी मनाई हुकूम निघतात आणि त्यात चाकूचं नाव स्पष्ट असतं. त्या दिवसांत चाकू घरी ठेवावा. न्यायालय, मेट्रो, सभागृह, विमानाच्या केबिनमधलं सामान इथे तर कधीच नको. प्रवासात तो चेक-इन केलेल्या बॅगेत जातो. खटका दाबून उघडणारा चाकू खिशात ठेवूच नये, संग्रहासाठी असला तरी.

परदेशी असलेल्या मराठी वाचकांसाठी नियम देशागणिक वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये तीन इंचांपर्यंत धार असलेला आणि न अडकणारा घडीचा चाकू कारण न देता बाळगता येतो. अडकणारा असेल तर न्यायालयांनी १९९३ पासून त्याला ही सवलत नाकारली आहे. म्हणून तिथे ओपिनेलचा आठ नंबर सहज खिशात टाकता येत नाही, पण अडकवणारं कडं नसलेला, सहा सेंटिमीटर पात्याचा पाच नंबर चालतो. स्लिपजॉइंटला ब्रिटनमध्ये आज जो नव्याने मान आहे, त्यात या कायद्याचा वाटा मोठा. अमेरिकेत राज्य आणि शहर बदललं की नियम बदलतो. जपानमध्ये योग्य कारणाशिवाय चाकू खिशात सापडणं हीच अडचण.

आता प्रत्यक्ष निवड. दुकानात चाकू हातात आला की आधी मिटलेल्या अवस्थेत पाठीवरून नख फिरवावं. कमान आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या पितळी पट्ट्या एका पातळीत हव्यात. मग पूर्ण उघडून पुन्हा तेच, आणि अर्ध्यावर थांबणारा असेल तर तिथेही. तिन्ही जागी सपाट बसणारी कमान म्हणजे कारागिराने वेळ दिला आहे. चाकू उजेडासमोर धरून कमान आणि पट्टी यांतून उजेड दिसतो का पाहावं. पातं डावी-उजवीकडे डुगडुगतं का, मिटताना धार कमानीवर आपटते का आणि मिटलेलं पातं एका बाजूला घासतं का, एवढं तपासायला दोन मिनिटं लागतात. ताण फार नको. मनगट न आवळता उघडेल इतका पुरे. नख मोडणारा ताण मिरवायला चांगला, खिशात मात्र तो चाकू वापरायचं टाळायला लावतो.

पोलादाबद्दल वाद अमाप आहेत, पण नवख्यापुरता प्रश्न एकच : गंजणारं की न गंजणारं. साधं कार्बन पोलाद पटकन धार घेतं, आणि कैरी, लिंबू, चिंच लागली की काळंनिळं पडतं. ज्यांच्या घरी लोखंडी विळी होती त्यांना हे सांगायची गरज नाही. तो करडा थर गंज नव्हे, उलट तो पुढच्या लाल गंजाला थोडी आडकाठी करतो. मुंबईत किंवा गोव्यात घामट खिशात वागवायचं असेल तर पहिला चाकू न गंजणारा घ्यावा. पुण्या-नागपूरकडच्यांनी कार्बन पोलाद घेऊन पाहायला हरकत नाही. मी कुणाला पहिला चाकू सुचवायचा झाला तर व्हिक्टोरिनॉक्सचा अॅल्युमिनियमच्या पातळ मुठीचा, ८४ मिलिमीटरचा कॅडेट सुचवतो. लाकूड ज्यांना हवंच, त्यांना न गंजणाऱ्या पात्याचा ओपिनेल. याहून महाग पहिला चाकू घेऊन काही साधत नाही.

धार लावणं स्वतः शिकावं. सायकलवरच्या धारवाल्याचं चाक फार वेगाने फिरतं. पातळ पातं त्यावर क्षणात तापून निळसर झालं की पोलादाला दिलेलं पाणी उतरलं आणि ती धार पुन्हा टिकत नाही. सुरी-कात्रीला तो चालतो, या पात्यांना नको. बारीक दाण्याचा एक सपाट दगड पुरतो, आणि प्रवासात कपबशीच्या तळाचं चकाकी नसलेलं कडंसुद्धा. पातं पंधरा ते वीस अंशांत धरून दोन्ही बाजूंना सारखं घासायचं, इतकंच.

मुठीच्या साहित्यात भारतीय गिऱ्हाइकासाठी एक खास अडचण आहे. शेफील्ड आणि अमेरिकेतल्या जुन्या चाकूंवरची सुंदर खडबडीत शिंगाची मूठ बहुतेकदा भारतातल्या सांबराची. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस भारताने शिंगांची निर्यात थांबवली आणि जगभरच्या चाकूवाल्यांकडे चांगलं शिंग दुर्मीळ झालं. सांबर १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे परदेशातून असा चाकू मागवणं इथल्या माणसाने टाळावं. हस्तिदंताचं तर बोलायलाच नको. गुराचं हाड, म्हशीचं शिंग, लाकूड, मायकार्टा यांत पुष्कळ निवड आहे. जुन्या सेल्युलॉइडच्या, शंखशिंपल्यासारख्या दिसणाऱ्या मुठी जमवणाऱ्यांनी त्या इतरांपासून वेगळ्या ठेवाव्यात. सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून निघणाऱ्या वाफेने शेजारचे चाकूही गंजतात. चामड्याच्या म्यानात तर काहीच कायमचं ठेवू नये. चामड्यातली आम्लं आणि दमटपणा पातं खातात.

जमवायचं ठरलंच तर एक धागा पकडावा. एकच नमुना निरनिराळ्या देशांचा, किंवा एकच गाव, किंवा एकच कारखाना आणि त्याची ठरावीक वर्षं. ‘आवडेल ते’ हा धागा नव्हे. पुण्यात दिनकर केळकरांच्या संग्रहालयात अडकित्त्यांची जी मांडणी आहे, ती एकदा या नजरेने पाहावी. एकच घरगुती काम, आणि त्याभोवती कारागिरांनी केलेले किती फरक, हे शेजारी शेजारी ठेवल्यावरच दिसतं. संदर्भासाठी अमेरिकी चाकूंवर बर्नार्ड लेव्हिन यांचं मार्गदर्शक पुस्तक अजून उपयोगी आहे, त्यातल्या किमती मात्र जुन्या.

जुने चाकू परदेशी लिलावातच मिळतात असं नाही. वाड्यातल्या पेटीत, आजोबांच्या दाढीच्या सामानात किंवा जुन्या बाजारात शेफील्डचे चाकू अजूनही सापडतात. बुडावर चांदणी आणि माल्टीज क्रॉस अशी जोडखूण असेल तर तो जोसेफ रॉजर्सचा असू शकतो; या नामांकित घराच्या नकलाही पूर्वीपासून होत आल्या, म्हणून अक्षरांचं स्पेलिंग नीट वाचावं. मुकुटाशेजारी व्ही. आर. ही अक्षरं असतील तर व्हिक्टोरियाचा काळ, जी. आर. असतील तर जॉर्ज राजांचा. देशाचं नाव कोरलेलं असेल तर चाकू बहुधा १८९१नंतरचा, कारण अमेरिकेने आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं ते तेव्हा. असा चाकू मिळाला की पॉलिश पेपर लावायचा मोह आधी आवरावा. खुणांचे जवळून फोटो घ्यावेत, सुटा गंज मऊ कापडाने आणि तेलाने पुसावा, सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब सोडून एक रात्र तसाच ठेवावा. दुसऱ्या दिवशी पातं हळूहळू उघडमीट करत राहावं; सांध्यातून काळं तेल बाहेर येईल तितकं पुसायचं, आणि ते स्वच्छ यायला लागलं की थांबायचं.